तळटीप : बरोबरी झाली तर क्रमांक कोणता?

* ‘रँक’, ‘डेन्स रँक’ आणि ‘रो नंबर’ ही तिन्ही विंडो फंक्शने ओळींना क्रमांक देतात; फरक दिसतो तो बरोबरीच्या वेळी. टोकियो ऑलिंपिकच्या पुरुषांच्या उंच उडीत (१ ऑगस्ट २०२१) तिघांनी २.३७ मीटर पार केले. आधीच्या चुकलेल्या उड्यांमुळे बेलारूसचा नेदासेकाऊ मागे पडला. ‘ऑर्डर बाय’मधला दुसरा निकष तो हाच. कतारचा बर्शिम आणि इटलीचा ताम्बेरी त्यातही बरोबरीत राहिले. दोघांना सुवर्ण, रौप्य कुणालाच नाही, नेदासेकाऊला कांस्य : १, १, ३. ही ‘रँक’ची रीत. ‘डेन्स रँक’ मधला आकडा गाळत नाही, म्हणून १, १, २. ‘रो नंबर’ १, २, ३ देते, आणि बरोबरीतला पहिला कोण हे डेटाबेस वाटेल तसे ठरवतो. तीच क्वेरी पुन्हा चालवली तर उत्तर बदलूही शकते. गुणवत्ता यादीसाठी ते वापरणे अन्यायाचेच आहे.

या क्रमांकांवर अट घालायची असेल तर ती बाहेरच्या क्वेरीत लिहावी लागते, कारण ‘व्हेअर’ची चाळणी आधी लागते आणि क्रमांक नंतर पडतात. ‘पार्टिशन बाय’ असेल तर प्रत्येक गटात मोजणी १ पासून सुरू होते.

ही फंक्शने पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९ साली (आवृत्ती ८.४) आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली (आवृत्ती ८.०) आली. त्याहून जुन्या आवृत्तीवर या प्रकरणातील उदाहरणे चालणार नाहीत. वाचकांनी आपली आवृत्ती आधी तपासावी. — संपादक