गिलाव्याचा पहिला हात

नवं घर घेतलं की रंगावरून घरात आठवडाभर वाद चालतो. ऑफ-व्हाइट की फिकट पिस्ता? रंगाखाली पुट्टी असते, पुट्टीखाली गिलावा, आणि गिलाव्याचेही दोन हात असतात. भिंतीला थेट चिकटलेला पहिला हात एकदा झाकला गेला की तो पुन्हा कुणाला दिसत नाही. मला मात्र जुन्या इमारतींबद्दल वाचताना हाच थर सारखा भेटत राहतो. चित्र राहिलं की गेलं, भिंत कोरडी राहिली की सडली, याचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागलेला असतो.

अजिंठ्याला गेलात तर चित्रं बघून झाल्यावर जिथली चित्रं गळून पडली आहेत ती जागाही बघा. खडकावर छिन्नीचे खडबडीत घाव दिसतील. ज्यांनी खांबांवर इतकी नाजूक नक्षी काढली, त्यांना भिंत गुळगुळीत करता येत नव्हती असं थोडंच आहे? तिथला बेसाल्ट पाणी पीत नाही. त्यामुळे ओला गिलावा त्याला शोषून चिकटत नाही, त्याला धरायला खाचाखोचा लागतात. त्या खाचांत मातीचा गिलावा दाबून बसवला. मातीत भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू कालवले होते, म्हणजे सुकताना ती तडकणार नाही. त्यावर पांढरा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंग लावले. युरोपातल्या खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंगवतात, तसं इथे नाही.

पण जे तंतू माती धरून ठेवतात, तेच किडींचं खाणं होतं. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, तेव्हा त्यामुळेच तिथे कीड कमी लागली असावी, असं अभ्यासकांनी सुचवलं. बातम्यांनी त्यातली फक्त भांग उचलली, ही वेगळी गोष्ट. अजिंठ्यात 1920च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी खडकाला पुन्हा पक्का केला, हे मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचं वार्निशही दिलं, आणि ते पुढे पिवळं पडलं.

बांधलेल्या भिंतींवर आपल्याकडे चुन्याचं राज्य होतं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू घालून घाणीत मळायची. बैल गोल फिरतोय आणि दगडी चाक चरातून चुना दळतंय, ती ही घाणी. कित्येक किल्ल्यांवर तिचा गोल चर अजून दिसतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, ताग असं काहीबाही मिसळायचे. भिंतीवर गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. याला वेळ लागतो. पण तो थर भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, आणि विटा किंवा माती किंचित हलली तर तिच्याबरोबर थोडं नमतंही घेतो.

कोकण-गोव्यात भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण अंगभर भोकं. चुना त्या भोकांत शिरून घट्ट बसतो, म्हणजे इथे अजिंठ्यासारखे घाव घालायची गरज नाही. गरज उलट बाजूनं आहे: गिलावा नसेल तर पावसात जांभाच झिजतो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस हे चर्च बघा. 1594 साली पाया, 1605 साली अभिषेक. दर्शनी भागातलं काळ्या दगडाचं काम वसईकडच्या बेसाल्टचं, बाकी बहुतेक जांभा, आणि त्यावर चुन्याचा गिलावा. 1950च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, हा गिलावा काढून टाकला. उघडा दगड अधिक ‘प्राचीन’ दिसतो, ही त्या काळातली आवड. ती आवड इतकी यशस्वी झाली की आज सेल्फी काढणाऱ्या बहुतेकांना हे चर्च पहिल्यापासून लालच होतं असं वाटतं. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रलही जांभ्याचंच आहे, पण गिलावा अंगावर ठेवून पांढरं उभं आहे. बॉम जेझसवर पुन्हा गिलावा करावा का, यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. करावा, असं माझं मत. सवयीच्या फोटोसाठी चारशे वर्षांची भिंत पावसात विरघळू देणं मला पटत नाही.

जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्यानं 1824 साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे 1914 साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. लवकर घट्ट होणारं, कडक, पोत्यात मिळणारं. घाणी, बैल, महिनोन्‌महिने मुरवणं, सगळं एका फटक्यात गेलं. गेलं याचं फारसं दुःखही नको, ते काम कष्टाचं होतं. पण गवंड्यांचा एक हिशेब त्याबरोबर विसरला गेला. पहिला हात भिंतीपेक्षा कडक नको, आणि वरचा हात खालच्यापेक्षा कडक नको. मऊ भिंतीवर कडक थर बसला की ताण येताच भिंतीचीच साल निघते.

आता तुमच्या फ्लॅटमध्ये या. खांब आणि तुळया आरसीसीच्या, गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या, म्हणजे अजिंठ्याचा खडक. त्यांना टोचे मारावे लागतात किंवा सिमेंटच्या पातळ लगद्याचा खरखरीत हात द्यावा लागतो. मधली भिंत हलक्या एएसी ब्लॉकची. 1920च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेला हा ब्लॉक मात्र गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो. त्याला आधी हलकं ओलवायचं आणि गिलावा कमी सिमेंटचा ठेवायचा. दोन्ही जिथे भेटतात तिथे जाळीची पट्टी ठोकायची. तुळईखाली आडवी, पट्टीनं आखल्यासारखी सरळ भेग दिसली, तर बहुधा ही जाळी कुणीतरी वाचवलेली असते.

आमच्या आजोळचं घर राजापूरजवळ, जांभ्याचं, चुन्याच्या गिलाव्याचं. मामांनी ते ‘पक्कं’ करायला दिलं तेव्हा ठेकेदारानं चुना खरवडून सिमेंटचा जाड गिलावा मारला. दोन पावसाळ्यांत जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत फुगली. जोत्यातून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून उडून जायची, आता सिमेंटमागे अडकून क्षार साठले. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज यायचा. गेल्या उन्हाळ्यात मामांनी तेवढा भाग फोडला, तेव्हा सिमेंटच्या ढलप्यांच्या पाठीला जांभ्याचा बोटभर लाल थर चिकटून आला. भिंत सध्या उघडी ठेवून सुकवत आहेत. चुन्याचं काम जाणणारा एक म्हातारा गवंडी मामांना शेजारच्या गावात मिळाला आहे. गणपतीनंतर येतो म्हणालाय.