टाळ, पेटी आणि ख्रिस्ताचे आख्यान

पनवेलजवळ पळस्पे फाट्याला रस्ता दुभंगतो. एक फाटा पेण, महाड, चिपळूण करीत गोव्याकडे जातो. दुसरा खोपोली आणि बोरघाट चढून पुण्याला आणि तिथून नगरकडे. ख्रिस्ती कीर्तनाचे कूळ शोधायला निघालेल्या माणसाला हा फाटा फार सोयीचा आहे, कारण या कुळाच्या दोन शाखा नेमक्या या दोन वाटांच्या टोकांना सापडतात. आणि कुळात न बसलेला एक पाहुणा खुद्द पनवेलच्या बंदरातून गेलेला आहे.

आधी त्या पाहुण्याचे. १८२५ च्या जूनमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून होडीने पनवेलला उतरले आणि घाट चढून पुण्याला गेले. पुण्याच्या लष्करातल्या सेंट मेरीज चर्चचे समर्पण त्यांच्याच हातून झाले. हेबर नुसते बिशप नव्हते, इंग्रजीतले नावाजलेले गीतकार होते. त्यांची स्तोत्रे आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटली जातात. पुढे असल्या इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे झाली आणि इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ती विलायती चालींवर इमानाने म्हटलीही. पण मराठी शब्द त्या चालींत मावत नसत. ऱ्हस्वाला दीर्घ करावे लागे, शब्दाच्या मधोमध श्वास तोडावा लागे. अर्थ कळे, गळा मात्र साथ देत नसे. ज्या प्रार्थनेत गळा अडतो ती माणूस रविवारी म्हणतो. दळताना किंवा पेरताना म्हणत नाही.

आता गोव्याची वाट. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशरचा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधली बहुतेक वर्षे त्याने गोव्यातल्याच साष्टीत काढली. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग आहे. ख्रिस्ती शिकवण ऐकायला बसलेल्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे मोडतोड आहे. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून बसले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. देव बदलला, नावे बदलली. पण संध्याकाळी चार माणसे जमवून कोणीतरी ओव्या वाचाव्यात आणि कोणीतरी अर्थ सांगावा, ही सवय तशीच उरली होती. ‘ख्रिस्तपुराण’ त्या सवयीच्या मागणीतून आले. ही गोष्ट सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेने पोथ्या हिरावल्या, तिच्याच आश्रयाने नवी पोथी लिहिली गेली, आणि तरीही ती पोथी खरी आहे.

१६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला ती छापली गेली. दहा हजारांहून अधिक ओव्या, दोन भाग: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. एकनाथांना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती आणि तुकाराम पोरवयात होते. स्टीफन्सने धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी कोकणीत लिहिली, कोकणीचे व्याकरणही रचले. पुराण मात्र मराठीत लिहिले. गोव्याचा माणूस घरात कोकणी बोलत असला तरी पोथी मराठीत ऐकत आला होता, आणि ही गोष्ट परदेशातून आलेल्या त्या माणसाने आपल्यापैकी अनेकांपेक्षा आधी ओळखली. देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून त्याने रोमला लिहिले होते. ते मिळाले नाहीत, म्हणून मराठी पुराण रोमी लिपीत छापावे लागले. दरवर्षी मराठी दिनाला त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या दोन-तीन ओव्या व्यासपीठावरून म्हटल्या जातात. पुढच्या दहा हजारांकडे कोणी वळत नाही, ही आपली जुनी खोड.

१६४९ आणि १६५४ मध्येही हे पुराण छापले गेले. तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. पुराण तगले ते हातांनी उतरून घेतलेल्या पोथ्यांत आणि उपासाच्या दिवसांत ते गाणाऱ्या घरांत. गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी त्या पोथ्या सांभाळल्या, आणि त्यांच्यावरूनच १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळुराला नवी आवृत्ती काढली. पुढे लंडनला देवनागरीतली एक हस्तलिखित प्रतही सापडली. ती उजेडात आणणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे दुसऱ्या, नगरच्या वाटेवरचे गृहस्थ. मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करण्यात त्यांनी उतारवय घालवले. दोन शाखांची ही भेट योगायोगाची असली तरी मला ती आवडते.

दुसरी वाट नगरची; अहिल्यानगर हे नाव अलीकडचे, जुन्या कागदांत अहमदनगरच. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले, नगरला १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथेच सुरू झाले. शाळा, छापखाना, दवाखाना, शब्बाथशाळा असे सगळे उभे राहिले, आणि खेड्यांत मंडळ्या निघाल्या त्या बहुतांशी महार-मांग वस्त्यांत. या माणसांच्या कानांत एकतारीवरचे भजन होते, चोखोबांचा अभंग होता, मांगवाड्यातली हलगी आणि सनई होती. त्यांच्यापुढे विलायती चालींचे गायन ठेवणे म्हणजे जेवायला बसलेल्याला परक्या घरचे ताट वाढणे होते.

१८६० नंतरच्या वर्षांत नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन आकाराला आले. आरंभीच्या कीर्तनकारांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव आदराने घेतले जाते. रचणारे तेच आणि उभे राहून गाणारेही तेच. घडण नारदीय कीर्तनाची ठेवली. आधी नमन, मग पूर्वरंगात एक विषय घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती किंवा प्रार्थना. साकी, दिंडी, आर्या, श्लोक, कटाव, सगळी जुनी हत्यारे कामाला आली. क्षमा हा विषय निघाला की आख्यान उधळ्या पुत्राचे. सचोटीचा निघाला की मिसरात विकल्या गेलेल्या योसेफाचे. परक्या घराशी इमान राखण्याचा निघाला की रूथचे. कीर्तनकाराला उधळ्या पुत्राचा बाप रंगवताना पंढरपूरच्या वाळवंटात लेकाची वाट पाहणारा म्हातारा डोळ्यांसमोर आणावा लागत नसे, तो येतच असे. साथीला टाळ, तबला आणि पेटी. ही पेटीही मूळची फ्रान्सची, १८४० च्या दशकात जन्मलेली. देवळातल्या कीर्तनात आणि चर्चमधल्या उपासनेत ती जवळपास एकाच सुमारास बसली, आणि तिला कुणी परकी म्हटले नाही.

सगळ्यांना हा प्रकार रुचला असेल असे समजू नये. देवळातले सोंग मंडळीत कशाला, अशी कुरबूर दोन्ही बाजूंनी होणे साहजिक होते. पण कीर्तनाने एक केले, जे प्रवचनाने होत नव्हते. उपासना चर्चच्या चार भिंतींत होई आणि तिला येणारे आधीच विश्वासात आलेले असत. कीर्तन रात्री, शेतातली कामे आटोपल्यावर, वाड्यावर किंवा चावडीपुढे होई. ख्रिस्ती नसलेला शेजारीही येऊन बसे. त्याला बाप्तिस्मा घ्यायचा नसे, गोष्ट ऐकायची असे. श्रद्धा अशी उघड्यावर आली की तिची परीक्षाही उघड्यावरच होते. दारूबंदीचे निरूपण करणारा स्वतः गुत्त्यावर दिसला, तर पुढच्या गावी त्याला कोण उभे करणार? वारकरी मंडळींनी फडावरच्या माणसाला लावलेला हा दंडक ख्रिस्ती कीर्तनकारालाही आपोआप लागू झाला. माझ्या मते या कलेची खरी कमाई इथे आहे; धर्मांतराच्या आकड्यांत ती शोधू नये.

या शाखेला जे फळ धरले ते नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. म्हणजे माणूस गोव्याच्या वाटेवरचा, कर्मभूमी नगरच्या वाटेवरची. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेल्या मराठी माणसाला टिळक माहीत असतात, पण मराठी मंडळ्यांत आजही रविवारी गायली जाणारी त्यांची दोनशेहून अधिक गीते बाहेर कुणाच्या कानी पडत नाहीत. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने एकाच कवीचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा चर्चच्या दाराशी ठेवून दिला.

टिळकांनी भाषांतराचा नाद सोडला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत, आणि त्यांनी लिहिलेही त्याच पुलावर उभे राहून. अभंगात आणि ओवीत, लेकराने आईला हाक मारावी अशा लडिवाळपणे. त्यांच्या गीतांत ख्रिस्त न्यायासनावर क्वचितच बसलेला दिसतो. बहुतेक वेळा तो माउली, सखा, सद्गुरू असतो. पाश्चात्य ईश्वरविद्येच्या काट्यावर हे सगळे तोलले तर कदाचित थोडे कमी भरेल. पण भाकरी थापताना बाई जे गुणगुणते ते त्या काट्यावर तोलायचे नसते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उघडला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही तिथे चालेल, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. हा विचार त्या काळच्या मंडळ्यांना पचण्यासारखा नव्हता, आणि तो वाढवायला टिळकांना आयुष्यही उरले नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

कीर्तनातली शिकवण घरात कशी उतरते हे पाहायचे असेल तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई पाच वर्षे आपल्या सोवळ्याओवळ्याला धरून राहिली. मग एके दिवशी स्वतःच विचार करीत बसली, जात माणसाची की देवाची, आणि कोणी न सांगता कोणाच्याही हातचे खायला-प्यायला लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आचरण आधी आणि विधी मागून. दुष्काळातली अनाथ पोरे त्यांच्या घरात वाढली. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभले होते, पण सुरुवातीचे मोजके अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय, लग्नानंतर मुळाक्षरे शिकलेल्या या बाईने रचले आणि शेवटचा मुलगा देवदत्त यांनी. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. स्टीफन्सनंतर सव्वातीनशे वर्षांनी ख्रिस्ताचे चरित्र पुन्हा ओवीत आले, आणि या वेळी ते मागायला कोणाचा प्रश्न लागला नाही.

पुण्याहून रेल्वेने नगरकडे निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ तिथले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. भागवत रमाबाईंना मुखोद्गत होते. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि शेवटची वर्षे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. ते मुक्तीतल्या बायकांनीच छापले. पुराणिकाच्या मुलीने धरलेली ही वाटही त्याच कुळातली म्हणायला हरकत नाही, जरी तिने टाळ हाती घेतला नाही.

कॅथलिक उपासनेत मराठीला दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. वसईच्या पाद्र्यांनी त्यानंतर जे भरभरून लिहिले, त्याचे सगळ्यांना ठाऊक असलेले नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ने मराठी वाचकाची मोठी सोय केली.

आज कीर्तनकार थोडे उरले आहेत. नाताळात, पुनरुत्थानाच्या सणात, मंडळीच्या वर्धापनदिनी नगर, जालना, सोलापूरकडे एखादे कीर्तन लागते. शहरांत कीबोर्ड आणि ड्रम आले, पडद्यावर शब्द उमटू लागले. तरुण गातात, मनापासून गातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण छापील गीतसंग्रहात आली ती फक्त गीते. निरूपण, आख्यानाची जुळणी, कुठे साकी घ्यायची, कुठे थांबून श्रोत्यांना हसवायचे, हे सारे कीर्तनकारांच्या हातच्या वह्यांत राहिले, आणि त्या वह्या नातवंडांच्या घरी पत्र्याच्या पेट्यांत आहेत. नगर-पुण्याची कितीतरी कुटुंबे नोकरीपायी पनवेल, कळंबोली, खारघरला येऊन स्थिरावली. घरे बदलताना जुने कागद आधी जातात. तुमच्या घरात आजोबांची अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा, मूळ वही एखाद्या ग्रंथालयाला द्या, आणि ज्या चाली घरात अजून कुणाला येतात त्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या.