न पाहिलेल्या राजांची चित्रे

प्रवासग्रंथांतील जुनी युरोपीय चित्रे आता सहज उपलब्ध होतात आणि शहापूर-मुरबाडकडील आमचे विद्यार्थीही ती प्रकल्पवहीत हौसेने चिकटवतात. एका चित्राखाली हमखास ओळ असते : 'बेनिनचा राजा, १६६८'. वर्ष खरे आहे. पण ते राजाचे नव्हे, पुस्तकाचे.

ते पुस्तक ओल्फर्ट डापर या डच वैद्याचे. त्याने आफ्रिकेचे विस्तृत वर्णन लिहिले, पण आफ्रिकेत त्याने कधी पाऊल ठेवले नाही. व्यापाऱ्यांची टिपणे, आधीची पुस्तके यांवरून मजकूर सिद्ध झाला, आणि त्या मजकुरावरून अ‍ॅमस्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरली गेली. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचा (आजच्या नायजेरियातील) ओबा, म्हणजे राजा, त्यात घोड्यावर स्वार आहे. भोवती वादक, साखळदंडातले बिबटे, मागे टोकदार मनोऱ्यांचे नगर. कोरणाऱ्याने शब्द वाचले आणि उरलेली जागा आपल्या सवयीने भरली. गंमत अशी, की शब्द बरेच विश्वसनीय होते. राजवाड्याच्या खांबांवर युद्धप्रसंग कोरलेले धातूचे पत्रे आहेत, असे डापर लिहितो. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन लुटले तेव्हा असे शेकडो पत्रे युरोपात पोहोचले. त्यांवरचा ओबा समोर पाहतो, गळ्यातली पोवळ्यांची माळ हनुवटीपर्यंत येते, आणि सेवक त्याच्याहून लहान असतात, कारण तेथे आकार हा अंतराचा नव्हे, मानाचा असतो. डापरच्या ओबाशी या ओबाचे नाते फारच दूरचे.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. यान हुइखेन फान लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता; म्हणजे डापरप्रमाणे घरबसल्या लिहिणारा नव्हे. तरीही १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील 'पागोडा'तली मूर्ती शिंगांची, अक्राळविक्राळ आहे. ती युरोपातल्या सैतानाची बहीण शोभावी! तेव्हा प्रश्न केवळ प्रत्यक्ष पाहण्याचा नाही. पार्थ मित्तर यांनी 'मच मॅलाइन्ड मॉन्स्टर्स' (१९७७) या ग्रंथात हिंदू देवतांच्या अशा राक्षसीकरणाचा इतिहास मांडला आहे, तो साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. उलट, डापरच्याच १६७२ च्या आशियावरील पुस्तकात विष्णूचे अवतार बरेच ओळखू येतात, कारण त्यांच्यामागे भारतीय चित्रांचे नमुने होते. पोथीची प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे आपण वर्गात विचारतो; चित्रालाही तोच प्रश्न विचारायला हवा.

आमच्या परिसरात याची उलटी बाजू पाहायला मिळते. मुरबाडहून वैशाखरे मार्गे नाणेघाट चढला की माथ्यावर सातवाहनांचे लेणे लागते. मागच्या भिंतीवर राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. वर ब्राह्मी अक्षरांत नावे मात्र आहेत : सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णी. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणांची यादी आहे. बेनिनच्या पुस्तकात चेहरा आहे आणि माणूस नाही. येथे नाव आहे, धर्माचरण आहे, चेहरा नाही.

मग तो चेहरा आपण भरतो. आजचा चित्रकार नागनिकेला नऊवारी नेसवतो, नाकात नथ घालतो. नथ हा दागिना भारतात पुष्कळ उशिरा आला, हे पु. कृ. गोडे यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील सातवाहनकालीन दांपत्यशिल्पे फार दूर नाहीत. त्या स्त्रियांच्या कानांत जड कुंडले आहेत, पायांत भरघोस तोडे आहेत. नाक मोकळे आहे.