सांज्याची वाटी आणि गालातली वीज

म्हैसूरला आत्याकडे राहिलो तेव्हा तिची कळ मी पहिल्यांदा पाहिली. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, डोळे मिटायची आणि उजवा हात गालाकडे जायचा. पण गालाला टेकायचा नाही, चार बोटं अलीकडेच थबकायचा. त्या जागी स्पर्शच नको असायचा. कळ दोन-चार सेकंदांची, विजेसारखी. दात घासणं, पंख्याचा वारा, घास चावणं, काहीही निमित्त पुरायचं. त्यापायी दोन दाढा काढून झाल्या होत्या आणि कळ होती तिथेच होती.

शेजारच्या अज्जी रोज सकाळी स्टीलच्या वाटीत तुपानं थबथबलेली गोड सज्जिगे आणायच्या. चावायला नको, नुसती गिळायची. वाटीत पाहिलं तर आपला गोड सांजा!

पुढे निर्णयसागर छापखान्याची सुश्रुतसंहिता, आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, चाळताना तिच्या उत्तरतंत्र या भागात शिरोरोग, म्हणजे डोक्याची दुखणी, लागले. अकरा प्रकार, त्यात एक ‘अनंतवात’. वेदना मानेच्या मागे सुरू होते, डोळा, भुवई आणि कानशिलात ठाण मांडते, गालाची बाजू थरथरते, जबडा धरतो. उपाय म्हणून शीर तोडून रक्त काढायचं, आणि जेवणात मधुमस्तक, घृतपूर व संयाव द्यायचे. घृतपूर म्हणजे आपला घीवर. आणि संयाव? गहू तुपात परतून, दूध-साखर घालून केलेला मऊ पदार्थ. अज्जींची वाटी डोळ्यांपुढे आली आणि मी ताडकन उठून बसलो.

माझं म्हणणं असं की संयावाचाच सांजा झाला. संस्कृतातला ‘संय’ प्राकृतात ‘संज’ होतो. संयोगाचा संजोग झाला तो याच वाटेनं. म्हणजे संयाव, संजाव, सांजा. शेवटचा ‘व’ गळतो ही साखळीतली कच्ची कडी, हे कबूल. पण अर्थ इतका चपखल बसतो की मी ती कडी धरून राहणार. सांजा म्हणजे सांजवेळचं खाणं, असं कोणी सांगतात. ते मला मुळीच पटत नाही. सांज्याच्या पोळ्या काय संध्याकाळीच लाटतात? आमच्याकडे तर तिखट सांजा सकाळच्या न्याहारीलाच होतो.

कन्नडच्या बाजूला दुसरा दावेदार उभा राहतो. तिथे ‘सज्जे’ म्हणजे बाजरी. मग सज्जिगे बाजरीवरून का नाही? कारण सज्जिगे गव्हाच्या रव्याची असते. शिवाय तमिळमध्ये गोड रव्याला सोज्जी म्हणतात, म्हैसूरकडे सारण भरून तळलेल्या पुरीला सज्जप्प, आणि आपल्याकडे तीच सांजोरी. एवढं गणगोत बाजरीच्या एका दाण्यातून निघालं असं मानायला माझं मन तयार नाही. हे सगळे संयावाचेच वंशज.

अनंतवात म्हणजे आजचा ट्रायजेमिनल न्युराल्जिया, आत्याचं तेच दुखणं, असं अनेक वैद्य मानतात. काहींना त्यात काचबिंदू दिसतो, काहींना मानेच्या मणक्यांचं दुखणं. मानेपासून सुरुवात हा त्यांचा भक्कम पुरावा, कारण आत्याची कळ मानेत कधीच नव्हती. पण गालाची थरथर मला सोडत नाही. 1756 मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्यानं या दुखण्याला नाव दिलं ‘टिक दूलूरू’, म्हणजे वेदनेनं चेहरा आक्रसणं. दोन टोकांच्या दोन वैद्यांनी एकच खूण टिपली, असं मी मानतो.

मग सांज्यानं कळ बरी व्हायची का? नाही. हे दुखणं आपणहून महिनोन्‌महिने दडी मारतं, आणि त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला यश मिळतं. सांजा टिकला तो वेगळ्या कारणानं, असा माझा कयास आहे: ज्याला चावता येत नाही, त्याच्या पोटात दोन घास जातात.

खरं कारण बहुतेकदा कवटीच्या आत असतं. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, म्हणजे ट्रायजेमिनल चेतेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकते, तिच्या ठोक्यांनी चेतेवरचं आवरण झिजतं, आणि साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत उडी मारतो. मेंदूचे शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी ही वाहिनी 1930च्या दशकात पाहिली. पीटर जॅनेटा यांनी 1967 पासून ती बाजूला सारून मध्ये गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रुळवली. 1953 मध्ये गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी बनवलेलं कार्बामाझेपिन 1962 पासून या कळेवर दिलं जाऊ लागलं. आजही पहिली गोळी तीच. तिनं चक्कर येते, रक्तातलं सोडियम उतरतं, क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची. आत्याला तिनंच उतार पडला.

तुमच्या घरात कुणाच्या एकाच गालात अशी वीज चमकत असेल, तर निरोगी दाढ काढू देऊ नका. आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, एमआरआय करून घ्या. आणि तोवर त्यांना वाटीभर मऊ सांजा करून द्या.