पोर हेरायची विद्या

पनवेल हे हार्बर मार्गाचं शेवटचं स्टेशन. पाठीवर किटबॅग अडकवून मुंबईच्या मैदानांकडे निघालेली पोरं इथून लोकल पकडतात. पण पनवेल तालुका रायगड जिल्ह्यातला आणि रायगडचं क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. मुंबई हाकेच्या अंतरावर, पण निवड होणार घाटावर. अशा हद्दीवरच्या पोराचा गुण ओळखायचा कुणी, आणि कशावरून?

मुंबईचं जुनं उत्तर होतं धावफलक. हॅरिस शील्ड १८९७ पासूनची, जाइल्स शील्ड १९०१ पासूनची. शाळेकडून धावा काढा, पेपरात नाव येईल, मग निवड समितीला दखल घ्यावीच लागेल. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली, ती याच हॅरिस शील्डमध्ये. ही रीत चालली, कारण मैदानाच्या कडेला जाणकार उभे असत. त्यांच्यावाचून नुसता आकडा फसवा ठरू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका शालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली, पण समोरची गोलंदाजी किती कच्ची होती हे त्या आकड्यात कुठेच दिसत नव्हतं.

धावफलकाच्या पलीकडे पाहण्याची विद्या रीतसर बांधली ती अमेरिकेतल्या बेसबॉलने, आणि तीही गरिबीपोटी. सेंट लुईस कार्डिनल्सकडे तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांचे कारभारी ब्रँच रिकी यांनी १९२० च्या सुमारास छोट्या गावांच्या संघांत भागीदारी घ्यायला सुरुवात केली. कोवळी पोरं स्वस्तात घ्यायची, खालच्या संघांत वाढवायची आणि तयार झाली की वर आणायची. १९४० पर्यंत अशा संघांची संख्या तिसावर गेली. शेकडो पोरांची तुलना करायची तर माप हवं. २० ते ८० गुणांची जी पट्टी आजही वापरतात, तिचं श्रेय रिकींनाच दिलं जातं. तिच्यावर ५० म्हणजे सरासरी. फलंदाजाचं फटका जमणं, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक हे पाच गुण वेगवेगळे जोखायचे. प्रत्येक गुणापुढे रकाने दोन : आज काय आहे, आणि पुढे काय होऊ शकेल.

आपल्याकडे मैदानोमैदान फिरून पोरं पाहणारी यंत्रणा उभी राहायला २००२ साल उजाडलं. क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची कल्पना क्रिकेट मंडळाने उचलली आणि दिलीप वेंगसरकरांच्या अध्यक्षतेखाली गुणवत्ता शोधणारा विभाग निघाला. माजी खेळाडूंनी गावोगावचे सामने पाहून अहवाल लिहायचे, असं काम. त्यातले प्रकाश पोद्दार जमशेदपूरला गेले असताना महेंद्रसिंग धोनी त्यांच्या नजरेत भरला. योजनेची वयोमर्यादा १९, धोनी २१ वर्षांचा. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. हा विभाग मात्र काही वर्षांतच बंद पडला.

२००८ मध्ये खुद्द बेसबॉलवाले भारतात पोरं शोधायला आले. हाती वेग मोजणारं यंत्र, आणि शोध फक्त जोरकस खांद्याचा. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले भालाफेकपटू निवडले गेले. बेसबॉल त्यांनी कधी हातात धरला नव्हता, त्यामुळे पाहायला धावफलकच नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला आणि २००९ मध्ये ते तिथल्या खालच्या लीगमध्ये खेळले. इथे पहिला रकाना कोरा होता, दुसऱ्यावर पैज लावली होती.

मंडळाने सोडलेलं काम पुढे आयपीएलच्या संघांनी उचललं, रिकींसारखंच स्वतःच्या गरजेपोटी. २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत जसप्रीत बुमराला पाहिलं आणि रणजी पदार्पणाआधीच तो आयपीएल खेळला. २०२४ पासून टेनिस चेंडूची दहा षटकांची आयएसपीएल आहे. तिचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. पनवेल-उरणच्या गावागावांत टेनिस क्रिकेट मुरलेलं असल्यामुळे इथल्या पोरांना हे दार जवळचं वाटतं.

पण यात एक मेख आहे. अशा लीगला याच हंगामात मोजकी षटकं नेमकी टाकणारा किंवा दहा चेंडूंत सामना फिरवणारा हवा असतो. म्हणजे तिचं लक्ष पहिल्याच रकान्यावर. पनवेलच्या बारा वर्षांच्या पोराचा दुसरा रकाना भरायचा, तर त्याला दरवर्षी पाहावं लागतं. उंची वाढली का, खांदा भरला का, बाद झाल्यावर पुढच्या डावात तो काय बदलतो, हे कुणीतरी टिपून ठेवावं लागतं. कार्डिनल्सना ते परवडलं, कारण वाढवलेला पोरगा त्यांच्याकडेच राहायचा. आपल्याकडे तो मोठा झाला की लिलावातून कुठल्याही संघाकडे जातो, म्हणून कुठलाही संघ एवढी वर्षं थांबणार नाही. ही वही ठेवायची तर जिल्हा संघटनेनेच ठेवावी लागेल.