उत्तर १३,५९७. पण १३,५९७ काय?

परीक्षा जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो. फिजिक्सचे न्यूमेरिकल्स वेगळे, केमिस्ट्रीचे वेगळे, थर्मोचे वेगळे, इकॉनॉमिक्सचे त्याहून वेगळे. प्रत्येक विषयाची फॉर्म्युल्यांची वही वेगळी करायची की सगळीकडे चालेल असं काही एक असतं? असतं. आणि ते समजायला आधी एका विमानात बसावं लागेल.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, फ्लाइट १४३. माँट्रियलहून निघून ओटावामार्गे एडमंटनला चाललंय. आत ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी. ४१,००० फुटांवर असताना इंधनाचा दाब कमी झाल्याची धोक्याची सूचना वाजते. थोड्या वेळानं डावं इंजिन बंद पडतं. मग उजवंही. कॉकपिटमधले बहुतेक स्क्रीन काळे होतात, कारण वीज इंजिनांवरच चालायची. बिघाड झाला म्हणावं तर इंजिनं ठणठणीत होती. इंधनच संपलं होतं, तेही अर्ध्या वाटेवर.

असं कसं झालं? तर एका न्यूमेरिकलमुळे. अगदी आपल्या अकरावीच्या पातळीच्या.

त्या दिवशी विमानातलं इंधन दाखवणारं मीटर चालत नव्हतं. म्हणून टाकीत किती इंधन आहे ते हातानं मोजलं गेलं. ७,६८२ लिटर भरलं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. मग आणखी किती लिटर भरायचं? लिटरचे किलो करायला घनता हवी. कागदावर आकडा होता १.७७. आतापर्यंत हाच वापरत आले होते. गुणाकार केला, १३,५९७ आले. २२,३०० मधून वजा केले, ८,७०३ उरले. परत १.७७ ने भागलं, ४,९१७ लिटर. तेवढं भरलं आणि विमान निघालं.

गुणाकार बरोबर. वजाबाकी बरोबर. भागाकार बरोबर. कॅल्क्युलेटरवर करून बघा, एकही चूक सापडणार नाही.

फक्त १.७७ म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. तो आकडा होता एका लिटरमागे १.७७ पौंड. लिटरला त्यानं गुणलं की लिटर कटतात आणि उरतात पौंड. म्हणजे टाकीत १३,५९७ पौंड होते, किलो नव्हेत. एका लिटर इंधनाचं वजन किलोत साधारण ०.८०३. त्यानं गणित केलं तर टाकीत ६,१६९ किलोच होते आणि अजून २०,०८८ लिटर भरायला हवं होतं. २०,०८८ च्या जागी ४,९१७.

आता यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. कॅप्टन बॉब पिअर्सन निष्काळजी नव्हते. ओटावाला उतरल्यावर त्यांनी इंधन पुन्हा मोजून घेतलं. पुन्हा हिशेब झाला. पुन्हा १.७७ नेच. साहजिकच उत्तर पुन्हा ‘बरोबर’ आलं. आपणही परीक्षेत हेच करतो ना? उत्तर तपासायचं म्हणजे तेच बटण दुसऱ्यांदा दाबायचं.

विमानाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. तोवर त्याला हवेत राहू दे. आपण जरा मागे जाऊया. खूप मागे.

सन ११५०. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’. महाराष्ट्राशी त्यांचा धागा पक्का आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तर हा ग्रंथ सुरू कसा होतो? बेरीज-वजाबाकीनं नाही. आधी येते परिभाषा. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. मग वजनं, मग लांबी, मग धान्याची मापं. आकड्यांचं गणित त्यानंतर. म्हणजे आधी ‘काय मोजतोय’ ते ठरवा, ‘किती’ ते नंतर.

पुढे त्याच ग्रंथात त्रैराशिक आहे. आजीच्या तोंडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. तीन डझन आंबे १,८०० रुपयांना, तर पाच डझन कितीला? इथे तीन डझन म्हणजे प्रमाण, १,८०० रुपये म्हणजे फल आणि पाच डझन म्हणजे इच्छा. उत्तर ३,००० रुपये. पण नियमात एक अट आहे, आणि शाळेत आपण ती विसरूनच शिकतो. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे हवेत, फल वेगळ्या जातीचं. समजा गिऱ्हाईक म्हणालं, ‘तीस नग द्या.’ तीस तसेच सूत्रात टाकले तर बिल येईल १८,००० रुपये. आधी तीस नगांचे अडीच डझन करायचे, मग १,५०० येतात.

विमानात नेमकी हीच अट मोडली गेली. हवे होते किलो, हातात होते पौंड, आणि वजाबाकी करून टाकली. दोन जातींची.

बरं, भारतात तर नुसतं एककाचं नाव सांगूनही भागायचं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त. मुंबईच्या व्यापाऱ्यानं कलकत्त्याला ‘शंभर मण’ लिहिलं तर तो कुठला मण हे आधी ठरवायला हवं. हा गोंधळ मिटवायला १९५६ साली वजन-मापांचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम बाजारात आले.

पण जुनी नावं मरत नाहीत, ती नवा अर्थ घेऊन जगतात. तोळा बघा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. पणजीच्या जुन्या कागदावर ‘१० तोळे’ लिहिलं असेल तर ते जवळपास ११६.६ ग्रॅम. वाटण्या करताना कुणी ते १०० ग्रॅम धरले, तर साडेसोळा ग्रॅम सोन्याचा फरक. घरात भांडण लागायला तेवढं पुरे.

आणि कॅनडातही तेव्हा हेच चाललं होतं. देश मेट्रिककडे वळत होता. एअर कॅनडाच्या जुन्या विमानांचा हिशेब पौंडात, नव्या ७६७ चा किलोत. शिवाय जुन्या विमानांत हा हिशेब बघायला फ्लाइट इंजिनिअर असायचा. ७६७ मध्ये ती जागाच नव्हती. म्हणजे एकक बदललं आणि एककाकडे बघणारा माणूसही गेला.

त्रैराशिकातली जातीची अट प्रत्येक समीकरणाला कुणी लावली? जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञानं. इंजिनिअरिंगवाल्यांनो, हो, तोच फूरिए, ज्याच्या सिरीजनं आपल्याला रडवलं. १८२२ साली उष्णतेवरच्या त्याच्या ग्रंथात त्यानं मांडलं की समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती सारखीच असायला हवी. मिती म्हणजे आपण डायमेन्शन म्हणतो ते. एका बाजूला मीटर आणि दुसऱ्या बाजूला सेकंद आले, तर पुढचं गणित बघायचीही गरज नाही. कुठेतरी चुकलंय.

नुसती चूकच सापडते असं नाही. कधीकधी उत्तरही मिळतं. न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ ला पहिली अणुचाचणी झाली. स्फोटाची ऊर्जा गुप्त होती, पण नंतर फोटो प्रसिद्ध झाले, त्यावर वेळ आणि अंतराची पट्टी होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी त्यावरून ऊर्जेचा अंदाज काढला आणि १९५० मध्ये छापला. त्याचा गाभा असा. हवेची घनता किलो प्रति घनमीटर, आगगोळ्याची त्रिज्या मीटर, वेळ सेकंद. या तिघांतून ज्यूल बनवायचे तर एकच रस्ता आहे. घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या साधारण १४० मीटर. घनता १.२ धरून करून बघा. सुमारे १०० लाख कोटी ज्यूल येतात, म्हणजे जवळपास २५ हजार टन टीएनटी. अधिकृत आकडा बरीच वर्षं २१ हजार टनांच्या आसपास सांगितला जायचा. फोटो आणि एककं, एवढ्यावर आपण इतके जवळ!

आता आपल्या वह्यांकडे येऊ. सेकंड इयरला थर्मोमध्ये माझ्याकडून एक इंजिन बनलं होतं. गरम बाजू ३२७ अंश, थंड बाजू २७ अंश, कार्यक्षमता काढा. मी २७ भागिले ३२७ केलं, एकातून वजा केलं, ९२ टक्के लिहून मोकळा झालो. अंशाला अंश कटले होते, मला वाटलं झालं काम. पण सेल्सिअसचा शून्य पाणी गोठतं तिथे ठेवलेला आहे, तापमान खरंच संपतं तिथे नाही. त्यामुळे सेल्सिअसमध्ये ‘इतक्या पट तापमान’ याला अर्थच नाही. केल्विनमध्ये ३०० आणि ६००, उत्तर सरळ ५० टक्के. एककाचं नाव जुळलं, जात जुळली नव्हती.

इकॉनॉमिक्स घ्या. पगार महिना ४०,०००, शैक्षणिक कर्ज ६ लाख. मित्र म्हणतो, कर्ज पगाराच्या १५ पट आहे. बँक म्हणते, वार्षिक उत्पन्नाच्या सव्वापटच आहे. दोघंही खरं बोलतायत. कारण पगार ‘दर महिना’ असतो, कर्ज तसं नसतं. भागाकार केला की १५ महिने उरतात, किंवा सव्वा वर्ष. देशाचं कर्ज आणि जीडीपी यांचं गुणोत्तर ऐकाल तेव्हाही हे आठवा, जीडीपीच्या पोटात ‘दर वर्षी’ लपलेलं असतं. स्टॅटमध्येही तेच. उंची सेंटिमीटरमध्ये असेल तर व्हेरियन्स चौरस सेंटिमीटरमध्ये येतो. चौरस सेंटिमीटर उंची कुणाची असते? म्हणून वर्गमूळ काढून स्टँडर्ड डेव्हिएशनकडे यायचं.

आणि डिग्री मिळाली की यातून सुटका होते असं समजू नका. आधीच्या एका नोकरीत पेमेंटचा कोड माझ्याकडे होता. समोरच्या सिस्टिमला रक्कम पैशांत हवी होती, मी रुपयांत पाठवली. ४९९ रुपयांच्या ऑर्डरला गिऱ्हाइकाचे गेले ४ रुपये ९९ पैसे. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. कारण त्या मीच लिहिल्या होत्या, त्याच गैरसमजानं. ओटावाच्या त्या दुसऱ्या हिशेबाबद्दल वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही ते यामुळेच. आता माझ्या कोडमध्ये नुसतं ‘रक्कम’ असं नाव मी ठेवत नाही, ‘रक्कम पैशांत’ असं पूर्ण लिहितो.

तर मंडळी, सगळ्या विषयांना चालणारं एक काम. पेपर लिहिताना प्रत्येक पायरीत आकड्याच्या शेजारी एकक लिहा, शेवटच्या ओळीत चिकटवायला ठेवू नका. ती एककं आकड्यांसारखीच गुणा, भागा, काटा. बेरीज-वजाबाकी करण्याआधी जात एक आहे का बघा. आणि तपासताना तेच गणित परत करू नका, प्रत्येक आकडा कुठून आला आणि तो ‘कशाचा’ आहे ते विचारा. १.७७ च्या शेजारी ‘पौंड प्रति लिटर’ एवढं लिहिलं असतं तर ते विमान जमिनीवरच थांबलं असतं.

हो, विमान. पिअर्सन हौसेनं ग्लायडर उडवायचे, हे त्या ६९ जणांचं नशीब. इंजिनाशिवाय त्यांनी ते विमान मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळाकडे नेलं. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना तो तळ माहीत होता. पण आता तिथल्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती चालायच्या आणि त्या दिवशी माणसंही जमली होती. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे विमान येतंय हे कुणाला ऐकूही आलं नाही. पुढचं चाक नीट उतरलं नाही, नाक घासत विमान थांबलं. काहींना किरकोळ लागलं, सगळे वाचले. विमान दुरुस्त होऊन पुढे पंचवीसेक वर्षं उडालं, ‘गिमली ग्लायडर’ याच नावानं.

परीक्षेला शुभेच्छा. आणि आज घरी गेलात की आजीला त्रैराशिक विचारा, ती एकक विसरणार नाही. पुढच्या भागात भेटूच.