वंशावळीला कागदाची साक्ष

श्रोतेहो, आपल्या हिंगोली भागात वंशावळीची आठवण एके काळी दोनच प्रसंगी व्हायची. एक लग्नाच्या बोलणीत आणि दुसरी भावकीच्या वाटणीत. आता ती घरोघर निघते. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर वंशावळ जोडावी लागते. निजामकाळातल्या कागदांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटिअरविषयी शासननिर्णय निघाला, आणि पेटीच्या तळाशी पडलेले कागद उन्हात आले. कोणाला काय मिळावे, हा आजचा विषय नव्हे. खापरपणज्याचे नाव लिहिताना ते कोठून घेतले, हे कसे लिहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

मुळात वंशावळ म्हणजे पुरावा नव्हे. शपथपत्रावर लिहिली तरी तो सांगणाराचा जबाबच. पूर्वी वतनाचे भांडण गोतापुढे गेले की वादी आपला करीना लिहून देई, प्रतिवादी आपला. दोघेही मूळ पुरुषापासून पिढ्या मोजीत आणि दोघांच्या पिढ्या जुळत नसत! मग साक्षीदार बोलावीत, जुनी पत्रे पाहत, आणि महजर होऊन त्यावर पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी अशा निशाण्या उठत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडले. 1898 पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. त्यांचा सारा आग्रह अस्सल कागदावर होता. करीना हाही कागदच. पण तो एका पक्षाने लिहिलेला आहे, हे विसरून चालत नाही.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. कयाधूकाठच्या नरसीला आपण नामदेवांचे जन्मगाव मानतो. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. ही वंशावळ शाळेतल्या पोरालाही पाठ असते. ती आली कोठून? वतनाच्या कागदातून नव्हे, तर नामदेवांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या नावावर चालत आलेल्या अभंगांतून. त्या अभंगांची हस्तलिखिते पुष्कळ उत्तरकाळची आहेत, आणि पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा म्हणून दुसरा कवी झाला, त्याची रचनाही त्यांत मिसळली. एका नावाची दोन माणसे एक झाली की घोटाळा होतो, तो असा. गावाचेही तसेच. नरसी आपल्याकडे आहे, नांदेड जिल्ह्यात नायगावजवळ आहे. आणि काही अभ्यासकांनी नामदेवांची नरसी पंढरपुराकडे नव्हे तर कऱ्हाडकडे शोधली. शीखांच्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. त्या ग्रंथाचे संकलन 1604 सालचे, म्हणजे ते पदांच्या त्या संग्रहाचे वय झाले. नामदेवांचा जन्म मात्र परंपरेने शके 1192, म्हणजे 1270 सालचा. कागदाचे वय एक आणि कागदातल्या गोष्टीचे वय दुसरे, हे दोन्ही लिहावे लागते.

आता आपल्या कागदांकडे वळू. इथे अडचण लिपीची आणि सनाची. हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. गावकीचे लिखाण मोडीत चालू होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडून लिहायची चाल नाही. उर्दूत एका नुक्त्याने माणूस बदलतो. खाली एक टिंब असेल तर बाबू, तीन असली तर बापू! घाईत लिहिणारा कारकून टिंबे द्यायला कुठला बसतोय? म्हणून ज्याने वाचून दिले त्याचे नाव आणि तारीख टिपावी, आणि नाव संशयाचे असेल तर ‘बाबू किंवा बापू’ असेच ठेवावे.

सनाचे असे. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन, हे जुनी माणसे सांगतात. ते अर्धेच खरे. संस्थानातले फसली वर्ष आझर महिन्यापासून, ऑक्टोबराच्या आरंभी सुरू होई. म्हणून जानेवारीपासूनच्या नोंदीला 591 मिळवावे लागतात. खुर्दाद 1340 फसली ही नोंद 1931 च्या उन्हाळ्यातली, 1930 ची नव्हे. एका वर्षाने काय बिघडते, असे म्हणू नका. थोरला कोण आणि धाकटा कोण, हे त्यावर ठरते. मूळ सन जसाच्या तसा उतरवावा आणि आपला हिशेब कंसात द्यावा.

जिल्ह्याचेही तेच. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधीचा कागद परभणीच्या नावाने आहे. 1948 च्या सप्टेंबरपूर्वीचा असेल तर वर हैदराबाद संस्थान. कागदावर जे असेल ते लिहावे, नाहीतर शोधणारा भलत्याच कपाटात हात घालील.

गुरुजींनो, यात तुमचे काम मोठे आहे. गावात सर्वांत विश्वासाचे जुने कागद पुष्कळदा तुमच्या कपाटातले प्रवेश-निर्गम रजिस्टर असते. पडताळणीत इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा पाहतात, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेही स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला अधिक वजन दिले. एखाद्या पोराचे शिक्षण त्या एका ओळीवर अडते. तेव्हा ‘शाळेच्या दप्तरात आहे’ एवढे पुरत नाही. समजा, रामा सटवा असे नाव निघाले. तर शाळा, रजिस्टर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, अनुक्रमांक, पान, दाखल तारीख, मूळ पाहिले की नक्कल, पाहिले कधी, आणि आज ते कोठे आहे, हे त्या नावाशेजारीच लिहावे. खाडाखोड असेल तर तीही सांगावी. 1954-55 चे खासरा पत्रक, जन्ममृत्यूची नोंद, त्र्यंबकच्या उपाध्यायांची वही, सगळ्यांना हाच नियम.

गॅझेटिअरविषयी एक गैरसमज आहे. त्यात जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, घरोघरची नावे नसतात. त्या काळी या प्रदेशात अमुक समाज होता, हे ते सांगेल. तुमचा पणजा कोणाचा मुलगा, हे सांगणार नाही. बाप-लेकाची गाठ बांधायला दोघांची नावे एकत्र असलेला कागदच हवा. तो नसेल तिथे रेघ तुटक काढावी. पुष्कळांना तुटक रेघेची लाज वाटते. मला ती ओढूनताणून जोडलेल्या रेघेपेक्षा बरी वाटते.

आणि कागद संपले की माणसे उरतात. म्हाताऱ्या आत्याने सांगितलेले लिहून घ्या. तिचे नाव, वय, नाते, तारीख घाला. आणि तिने स्वतः पाहिले की सासूकडून ऐकले, तेही विचारा. जमलेच तर त्या सासूचे माहेरचे नाव आणि गाव विचारून ठेवा. ते बहुधा कोणत्याच वहीत सापडायचे नाही.